सोर्सेरियन, बुरशी आणि खोटे खराब सेक्टर

जुने जपानी कॉम्प्युटर गेम मिळतात कुठे हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता सरळ सांगतो, मिळतात. तोक्योत अकिहाबाराला बीप नावाचं दुकान जवळजवळ ह्याच मालासाठी आहे, मांदाराके हे जुन्या मालाचं दुकान आहे, घरबसल्या हवं असेल तर याहू ऑक्शनवर रोज कोणाच्या तरी वडिलांच्या कपाटातलं काहीतरी निघतच असतं. पैसे मोजा आणि घ्या. खरी बोंब त्याच्या पुढे आहे. फ्लॉपी घरी आणली की ती वाचायची कशी, ह्यावर कोणी धड बोलत नाही, 'डिस्कची इमेज काढा आणि इम्युलेटरला लावा' (म्हणजे डिस्कची फाईलमध्ये नक्कल करा आणि जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला द्या) असं एका वाक्यात उरकून मोकळे होतात. त्या एका वाक्यात माझा अख्खा उन्हाळा गेला, म्हणून हे लिहितोय.

मी तोक्योत निशी-कासाईला राहतो (हो, तिथेच, तोक्योतले सगळे भारतीय तिथेच राहतात). मला हवा होता निहोन फाल्कॉमचा सोर्सेरियन, १९८७ चा, आणि तोही एनईसीच्या पीसी-८८०१ ह्या कॉम्प्युटरवरचाच. हा गेम नंतर बऱ्याच मशीनवर आला, १९९० मध्ये सिएराने डॉससाठी इंग्रजीतही काढला, पण मूळ म्युझिक युझो कोशिरो आणि फाल्कॉमच्या बाकी मंडळींनी एसआर मॉडेलमधल्या चिपसाठी केलेलं, तीन एफएम चॅनल आणि तीन साधे, बस. एवढ्याशा सामानात काय काढलंय ते ऐकाच. गेम म्हणाल तर चार जणांपर्यंतची टोळी करायची, १५ गोष्टी आहेत त्यातली निवडायची, आणि मधल्या काळात वर्षं सरतात, तुमची माणसं म्हातारी होतात, मरतातसुद्धा.

मशीनचं फार सांगत नाही. पीसी-८८०१ एफए जंक म्हणून घेतलेलं, चालू होत नव्हतं पण आतले रॉम (मशीनचा मूळ प्रोग्राम असलेल्या चिप) शाबूत होते, ते वाचून घेतले. इम्युलेटरला रॉम लागतात आणि ते स्वतःच्या मशीनचे असलेले बरे. ज्यांना एवढंही नको त्यांनी शार्पच्या एक्स६८००० पासून सुरुवात करा, शार्पने २००० साली त्याचे रॉम आणि ह्युमन६८के ही ऑपरेटिंग सिस्टिम फुकट वापरायला सोडलीये. आणि नुसता गेमच खेळायचाय, डिस्कचं वेड नाहीये, तर आधी प्रोजेक्ट एगवर बघा, २००१ पासून ते जुने गेम परवानगीने विकतायत, तिथे असेल तर पुढचं वाचूही नका.

तर फ्लॉपी. एका विक्रेत्याकडून घेतली, नाव सांगत नाही. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं की चालते का ते तपासलेलं नाही कारण तपासायला मशीन नाही, आणि त्याच विक्रेत्याकडे त्याच आठवड्यात तीन पीसी-८८ (म्हणजे पीसी-८८०१ च) विकायला! फोटोत बॉक्स चारी बाजूंनी, मॅन्युअलचं पान न् पान, पण डिस्कच्या खिडकीचा एकही फोटो नाही. माल परत घेणार नाही हेही लिहिलेलंच. इकडे हे चालतं, जंक म्हटलं की विषय संपला, कोणाशी भांडणार. माझा नियम आता एकच आहे, फ्लॉपीची ती लांबट खिडकी असते ना जिथून आतली काळपट चकती दिसते, तिचा फोटो मागायचा, आणि नाही दिला तर सोडून द्यायचं, कितीही स्वस्त असो.

कारण बुरशी. जपानचा दमट उन्हाळा आणि ३५ वर्षं बंद कपाट, अजून काय होणार. गेमच्या डिस्कपैकी दोनवर पांढरे ठिपके होते. असली डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घालायची नाही, अजिबात नाही, बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि मग तोच हेड चकती खरवडतो, आणि ह्या डिस्कची घाण पुढच्या चांगल्या डिस्कवर जाते. इथे औषधाच्या दुकानात निर्जल इथेनॉल मिळतं, भारतात आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कापसाच्या काडीने खिडकीतून हलकं पुसायचं, मधलं भोक धरून चकती थोडी फिरवायची, परत पुसायचं, दोन्ही बाजूंनी. मग पूर्ण सुकू द्यायची. आणि प्रत्येक डिस्कनंतर हेड पण पुसायचा, कंटाळा आला तरी.

आता ड्राइव्ह. ह्या डिस्क सव्वापाच इंची, 2डी म्हणतात तसल्या, ४० ट्रॅक (चकतीवरच्या गोल वाटा), दोन बाजू, ट्रॅकला १६ सेक्टर (तुकडे), सेक्टरला २५६ बाइट, म्हणजे अख्खी डिस्क ३२० केबी. मी वापरला टीॲकचा एफडी-५५जीएफआर, सेकंडहँड पटकन मिळतो आणि दणकट आहे, पण तो १.२ एमबीवाला, ८० ट्रॅकचा. म्हणून हेडला दर वेळी दोन दोन पावलं टाकायला सांगावं लागतं, नाहीतर तो दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत जाऊन कचरा वाचून आणतो. शिवाय त्याचा स्पीड मिनिटाला ३६० फेऱ्या आणि डिस्क लिहिलेली ३०० फेऱ्यांवर, पण हे सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. वाचायला ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड आहे, यूएसबीला लागतं, क्रायोफ्लक्स ह्या तसल्याच दुसऱ्या बोर्डपेक्षा बरंच स्वस्त, सॉफ्टवेअरही खुलं आहे. ते सेक्टर बिक्टर बघतच नाही, चकतीवर चुंबकाची दिशा कुठे कुठे पलटते त्याच्या वेळा जशाच्या तशा नोंदवतं, अर्थ लावायचं काम नंतर.

इथपर्यंत सगळं मजेत. आणि मग अडलं.

डिस्क वाचली, बहुतेक सगळे ट्रॅक हिरवे, काही सेक्टर लाल, सीआरसी एरर, म्हणजे सेक्टरमधला डेटा त्याच्यासोबतच्या तपासणीच्या आकड्याशी जुळत नाही. म्हटलं बुरशी. परत पुसलं, परत वाचलं, काही लाल गेले, काही राहिले. परत पुसलं. राहिलेले तिथेच. आता गंमत अशी आहे की त्या काळातले गेम कॉपी करता येऊ नयेत म्हणून कंपन्या डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवायच्या. कुठे चुकीचा सीआरसी, कुठे एकाच ट्रॅकवर एकाच नंबरचे दोन सेक्टर, कुठे अख्खा ट्रॅक फॉरमॅटच केलेला नाही. गेम चालू होताना मुद्दाम तिथे जाऊन बघतो की खराब जागा खराबच आहे ना, आणि ती चांगली निघाली तर समजतो ही चोरीची कॉपी, मग गपचूप बसून राहतो. म्हणजे माझ्यासमोर जे लाल सेक्टर होते त्यातले बुरशीने मेलेले कुठले आणि १९८७ मध्ये कारखान्यातूनच मेलेले आलेले कुठले, हे स्क्रीनवर बघून कळायला काहीही मार्ग नव्हता. लाल ते लालच दिसतात.

त्यात सॉफ्टवेअरचा आगाऊपणा. सरळ साधी इमेज काढायला सांगितली की ते खराब सेक्टरच्या जागी काहीतरी भरून ३,२७,६८० बाइटची सुंदर फाईल देतं, दिसायला परफेक्ट, आणि गेम टायटलपर्यंतही पोचत नाही. म्हणून साधी इमेज काढायचीच नाही, मूळ फ्लक्सची, म्हणजे त्या पलटण्याच्या वेळांची, फाईल जपून ठेवायची, त्यातही प्रत्येक ट्रॅकच्या तीन-चार फेऱ्या नोंदवलेल्या असाव्यात, आणि त्यावरून डी८८ ह्या प्रकारची इमेज करायची. डी८८ मध्ये प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा नंबर, लांबी आणि 'हा वाचताना एरर आला' अशी खूण ठेवायला जागा असते, त्यामुळे खोटे खराब सेक्टर खराबच राहतात. हे मला कुठेही एका जागी लिहिलेलं सापडलं नाही, सगळीकडे तुकडे तुकडे, त्यातले अर्धे २००३ च्या आसपासचे जपानी पानांवरचे.

पण खरे कुठले खोटे कुठले हे तरीही अडकलेलंच होतं. मार्ग सांगितला ऑफिसातल्या एका सिनियरनी, पन्नाशी उलटलेले, शाळेत असताना घरी पीसी-८८ होता असं कळल्यापासून मी त्यांच्या मागेच लागलो होतो. ते म्हणाले अरे दुसरी कॉपी आण आणि दोन्ही शेजारी लावून बघ, बुरशी काय दोन घरांत एकाच सेक्टरवर उगवणार आहे का. इतकं सोपं! दोन्ही कॉपीत ज्या जागी लाल आहे ते कंपनीचं काम, एकीतच आहे ते बुरशीचं.

फक्त दुसरी कॉपी हवी. आणि इथे वाट बघण्यात माझा जीव गेला. तीच आवृत्ती हवी, पीसी-८८ चीच, आणि माझे लाल सेक्टर ज्या डिस्कवर आहेत ती डिस्क आत असलेली. पीसी-९८ ची येते, एमएसएक्स२ ची येते, नुसता बॉक्स येतो, नुसतं मॅन्युअल येतं, एकदा तर सगळं आलं आणि नेमकी तीच डिस्क नाही. ऑक्शनमध्येही गंमत, बऱ्याच लिस्टिंगना ऑटोमॅटिक वाढ लावलेली असते, शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ अजून पाच मिनिटं पुढे, मग परत कोणी लावतो, परत पुढे. शेवटच्या सेकंदाला झडप घालू वगैरे विसरा. मी एका रविवारी रात्री जेवण तसंच ठेवून रिफ्रेश करत बसलो आणि हरलो, समोरचा माणूस बहुतेक झोपतच नाही. शेवटी मिळाली ती बॉक्स नसलेली, लेबल पिवळं पडलेलं, कोणालाच नको होती म्हणून स्वस्तात. चकती मात्र आरशासारखी. संग्रह करणाऱ्यांना बॉक्स हवा असतो, आपल्याला डेटा हवाय, हे लक्षात ठेवा आणि बॉक्सवाल्यांशी स्पर्धाच करू नका.

दोन्ही शेजारी लावल्या. थोडेच सेक्टर दोन्हीकडे अगदी त्याच जागी लाल, बाकीचे फक्त माझ्या बुरशीवालीत. बुरशीवाले ट्रॅक दुसऱ्या कॉपीतून घेतले, समान लाल होते ते तसेच ठेवले, डी८८ केली, एम८८ ह्या इम्युलेटरमध्ये लावली. काहीच नाही. मग आठवलं, मोड! एसआरसाठीचे गेम व्ही२ मोडमध्ये चालतात, इम्युलेटर व्ही१ वर असेल तर मख्खपणे काळा स्क्रीन दाखवतो. व्ही२ केलं आणि ते म्युझिक सुरू झालं ना, मी एकटाच घरात ओरडलो. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

अजून काही सुटलेलं. गेम खेळताना टोळी सेव्ह करायला वेगळी युझर डिस्क लागते, तेव्हा आधी एक रिकामी 2डी इमेज बनवून ठेवा, आणि मूळ इमेज रीड-ओन्ली करा. मूळ फ्लॉपीलाही बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, ड्राइव्ह कधी काय करेल सांगता येत नाही. १.२ एमबीच्या ड्राइव्हवर 2डी डिस्क वाचा, पण लिहू नका, त्याचा हेड अरुंद असतो, जुन्या लिखाणाची कडा तशीच राहते आणि खऱ्या मशीनचा रुंद हेड दोन्ही एकदम वाचून गोंधळतो.

आता मी मागे लागलोय ताकेरुवाल्या डिस्कच्या. हे प्रकरण भारी आहे, शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनी, त्यांनी १९८६ मध्ये दुकानांत ताकेरु नावाची गेम विकणारी मशीन लावली, पैसे टाकायचे, गेम निवडायचा, मशीन तिथल्या तिथे फ्लॉपीवर गेम लिहून देणार आणि माहितीपत्रकही छापून देणार. १९९७ पर्यंत चाललं, आणि त्याच तंत्रातून पुढे त्यांचा जॉयसाउंड कराओके निघाला. सोर्सेरियनच्या काही जादा गोष्टी ह्या मशीनवर मिळायच्या. त्यांना बॉक्सच नाही, त्यामुळे लोकांनी टाकून दिल्या असणार, आणि त्या चालवायला मूळ सोर्सेरियनही लागतो, जो आता माझ्याकडे आहे. कोणाला दिसल्या तर कळवा, बुरशी असली तरी चालेल. माझ्या इमेज मात्र मागू नका, त्या मी देणार नाही, फाल्कॉम अजून चालू कंपनी आहे.

आणि हो, सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, यूएसबीवर तो फिरत नाही. ड्राइव्ह घेतानाच वेगळी पॉवर सप्लाय घ्या.