गढीतली ओली खोली

इटलीत, सिएना आणि फ्लॉरेन्सच्या मधल्या कियांतीच्या डोंगरात, गायोले गावाजवळच्या एका द्राक्षमळ्यावर मी तीन रात्री राहिले. राहिले ती कामासाठी. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजगड येतो. ही वास्तू मात्र आपल्याकडच्या गढीसारखी. चार बुरूज, मधे चौक, भोवती सांजोवेझे द्राक्षांच्या रांगा. मूळ बांधकाम तेराव्या शतकातलं, दुरुस्त करून आता तिथे पाहुणे उतरवतात. (झालेल्या प्रकारामुळे जागेचं नाव लिहीत नाही.)

मी जुन्या वाड्यांच्या जतनाचं काम करते. तेव्हा सहा महिन्यांसाठी फ्लॉरेन्सच्या एका कचेरीत होते. खालच्या मजल्यावरच्या एका खोलीची ओल जात नाही, अशी मालकांची तक्रार होती, म्हणून मला आणि साठी उलटलेल्या एका गवंड्याला तिकडे धाडलं. त्यांना सगळे ‘मास्त्रो’च (म्हणजे उस्ताद) म्हणत, मीही तेच म्हणायची.

खोली बघताक्षणी दुखणं कळलं. कमरेपर्यंत रंगाला फुगे आणि वर पांढरा लोणा. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत कोणीतरी दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. दगडी भिंत जमिनीतून पाणी ओढतेच. चुन्याचा गिलावा ते पाणी हळूहळू हवेत सोडतो, सिमेंट ते कोंडून धरतं. मग पाणी वर चढत जातं आणि सोबत आणलेले क्षार भिंतीच्या अंगात ठेवतं. पुण्यातल्या वाड्यांत मी हेच किती वेळा पाहिलंय! उपायही तोच. सिमेंट खरवडायचं, भिंत महिनोन्‌महिने सुकू द्यायची आणि मग चुना. इटलीत चुन्यात विटांचा चुरा कालवून गिलावा करतात, त्याला कोच्चोपेस्तो म्हणतात. म्हणजे आपली सुरखीच. मास्त्रोंना मी सुरखीत गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात हे सांगितलं, तेव्हा त्यांनी वही काढून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नी घेतली. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मळ्यात खुडणी जोरात, चौकातून क्रेट भरलेले ट्रॅक्टर ये-जा करत होते. खिडकीतून लांबवर ब्रोलियोचा किल्ला दिसत होता. इटलीचे पंतप्रधान राहिलेल्या बेत्तीनो रिकासोलींचा हा किल्ला. कियांती वाइनमध्ये कोणती द्राक्षं का घालायची, हे त्यांनी १८७२ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं. त्या किल्ल्याच्या भिंतींवर दुसऱ्या महायुद्धातल्या माऱ्याचे वण अजून आहेत. ते बुजवले नाहीत, हे मला फार आवडतं.

दहाच्या सुमारास सिमेंटचा मोठा पापुद्रा निघाला आणि मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, विटांनी बुजवलेला अरुंद झरोका दिसला. मला आनंद झाला. भिंतीचा श्वास कोंडणाऱ्याने हवेची वाटही बंद केली होती, असं मी धरून चालले आणि त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात बोल लावत विटा काढू लागले. दोन निघाल्या. आतून आंबलेल्या द्राक्षांचा दाट, गोडसर वास आला. तिसरी सैल झाली तेवढ्यात मास्त्रो ओरडले, “फेर्मा!” थांब.

त्यांनी पेटीतून मेणबत्ती काढली. वारा कुठून येतो ते बघायला ती ते नेहमी जवळ ठेवत. छातीच्या उंचीवर ज्योत नीट होती. खाली नेली तशी बारीक झाली आणि जमिनीपासून हातभर वर विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. मी गुडघ्यांवर बसलेली होते, तोंड झरोक्यापासून दोन फुटांवर. त्यांनी दंड धरून मला उठवलं आणि थेट चौकात आणलं. माझं डोकं जड झालं होतं, ते बाहेर आल्यावर कळलं.

मद्यशाळेतले लोक वायू मोजायचं यंत्र घेऊन धावत आले. भिंतीपलीकडे जुनं कमानीचं तळघर होतं आणि त्यात लाकडी पिंपांत द्राक्षांचा नवा रस आंबत होता. एक लिटर रस आंबताना ४०-५० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. त्यांचे पंखे चालू होते, पण आम्ही नेमकी तळाची वाट उघडली होती.

खोली मोकळी झाल्यावर दुपारी मी पुन्हा भिंतीपाशी गेले, या वेळी नीट बघायला. कोपऱ्यात दोन भिंतींमध्ये सरळ उभा सांधा होता, दगड एकमेकांत गुंफलेले नव्हते. म्हणजे खोली मागाहून जोडलेली. झरोका एके काळी थेट उतारावर उघडत असणार, तळघरातला वायू बाहेर वाहून जावा म्हणून. पुढे खोली बांधली तेव्हा तो बुजवावाच लागला. आणि विटा चुन्यात बसवलेल्या होत्या, सिमेंट त्यांच्यावर खूप नंतर आलं. ज्याला मी सकाळी बोल लावले, त्याने या खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाचा जीव राखला होता. त्या संध्याकाळी तिथे एक जोडपं उतरणार होतं.

दोन्ही विटा मी स्वतः चुन्यात परत बसवल्या, तिसरी घट्ट केली. खुडणीचा हंगाम संपेपर्यंत खोलीला कुलूप लावायचं ठरलं. बाकीचं सिमेंट थंडीत काढायचं, विटांना हात न लावता.

रात्री हरिपूरला मामाला फोन केला. सांगलीजवळच्या या गावात हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, होती. पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर मागे व्हायचं. लहानपणी त्या काठावर बसून मी हे कितीदा पाहिलंय.

मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “आधी कंदील सोडला होतास का?”

“नाही, मामा. मास्त्रोंनी सोडला.”