डावीकडे एका कंपनीची केबल, उजवीकडे दुसरी... चालतं का?

स्पीकरला एका ब्रँडची केबल, सीडी प्लेयरला दुसऱ्या ब्रँडची आणि सबवूफरला कपाटात पडलेली तिसरीच कुठली तरी, असं केलं तर आवाज बिघडतो का, असं कोणी ना कोणी विचारतंच. नाही बिघडत. शोरूमवाले "सगळा सेट एकाच कंपनीचा घ्या, नाहीतर सिनर्जी (म्हणजे एकमेकांशी जमणं) जाते" म्हणतात आणि ही सिनर्जी नेमकी महागडा सेट घेतला की परत येते!

बघायची ती जाडी. स्पीकर अँपपासून (अँप्लिफायरपासून) पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं, अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरीत त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०८ ओहम, आणि समोर स्पीकर ८ ओहमचा, म्हणजे जेमतेम एक टक्का. घराच्या वायरिंगची फिनोलेक्स किंवा पॉलिकॅब लावलीत तरी गणित तेच.

फक्त तांबं खरं हवं. ऑनलाइन स्वस्तात मिळते ती बरीचशी सीसीए, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी चकाकली की समजायचं काय ते. चालते तीही, पण एक साइज जाड घ्यावी लागते.

ब्रँड मिसळल्यावर खरी भानगड होते ती वेगळीच आणि तिच्याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही. एका कंपनीची प्लसची वायर लाल रेघेची, दुसरीची अक्षरं छापलेली, तिसरीच्या प्लास्टिकवर नुसती बारीक धार, जी बोट फिरवल्याशिवाय कळतच नाही, आणि टीव्ही युनिटच्या मागे मोबाईलच्या टॉर्चमध्ये मान वाकडी करून जोडताना एका बाजूला प्लस-मायनस उलटं झालं की संपलं. बेस गायब, आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध यायच्या ऐवजी खोलीभर लोंबकळत राहतो. मग लोक म्हणतात बघा, केबल मॅच नाही झाली! चेक करायचं असेल तर अँपकडची टोकं काढून त्यांना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, अँपच्या प्लसला होतं त्या टोकाला सेलचा प्लस; जोडणी बरोबर असेल तर वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) कोन पुढे येतो, उलटं असेल तर आत जातो. अँप चालू ठेवून मात्र नको हं.

केबल खरंच ऐकू येते ती टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरला. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, कपॅसिटन्स (विजेचा भार साठवायची क्षमता, पिकोफॅरडमध्ये मोजतात) मोजून लागतो, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ ला १०० ते २०० पिकोफॅरड, त्यात टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांडीची) वायर, केबल, फोनो प्री (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) सगळं आलं, त्यामुळे तिथे लांबलचक केबल लावली तर वरच्या सुरांचा तोल जातो. पण तिथेही बघायचा तो पिकोफॅरडचा आकडा, नाव नाही.

आणि कोकणात राहत असाल तर पावसाळा संपला की उघडी टोकं एकदा बघा, हिरवी-काळी पडली असतील तर अर्धा इंच कापून नव्याने सोला आणि घट्ट पिळून लावा.