चीनच्या पक्षाची बैठक: निवेदनात काय वाचायचं आणि कधी

नंदेसरीत किंवा मकरपुऱ्यात बसून चीनमधून कच्चा माल, रंगद्रव्यं, यंत्रांचे सुटे भाग मागवणारे बडोद्यात कमी नाहीत. तिथल्या सत्ताधारी पक्षाची मोठी बैठक झाली की आपल्याकडे त्याच संध्याकाळी बातमी येते आणि लोक तिच्यावरून अंदाज बांधायला लागतात. माझ्या मते हीच पहिली चूक. त्या दिवशी बाहेर येतो तो बैठकीचा सगळ्यात मोघम कागद. खरा कागद तीन ते पाच दिवसांनी येतो आणि तोवर आपल्या वर्तमानपत्रांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं.

आधी रचना पाहू. आपल्याकडच्या कुठल्याही मराठी मंडळाची घटना काढली तर त्यात सर्वसाधारण सभा कार्यकारिणी निवडते आणि कार्यकारिणी पदाधिकारी निवडते. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या घटनेतही कागदावर हेच आहे. दर पाच वर्षांनी राष्ट्रीय अधिवेशन भरतं. विसावं अधिवेशन १६ ते २२ ऑक्टोबर २०२२ या काळात झालं आणि त्यासाठी २,२९६ प्रतिनिधी निवडले गेले होते. त्यांनी केंद्रीय समितीचे २०५ पूर्ण सदस्य आणि १७१ पर्यायी सदस्य निवडले. या समितीने २४ जणांचा पॉलिटब्युरो म्हणजे पक्षाचं वरिष्ठ नेतृत्व मंडळ, त्यातली ७ जणांची स्थायी समिती आणि सरचिटणीस निवडला. घटनेनुसार सत्ता खालून वर जाते. प्रत्यक्षात नावांची यादी वरून खाली येते आणि मतदान तिच्यावर शिक्का मारतं.

ही यादी करण्याची पद्धतही बदलत गेली. जून २००७ मध्ये बीजिंगच्या केंद्रीय पक्षशाळेत चारशेहून अधिक वरिष्ठांना बोलावून पॉलिटब्युरोसाठी कौल घेतला होता आणि २०१२ मध्येही तसंच झालं. २०१७ मध्ये तो प्रकार बंद झाला. कौलात मतांची देवाणघेवाण होते, ओळखीपाळखी चालतात, असं कारण दिलं गेलं. त्याऐवजी शी जिनपिंग यांनी एप्रिल ते जून २०१७ मध्ये ५७ जणांशी स्वतः समोरासमोर बोलून मतं घेतल्याचं सरकारी वृत्तसंस्थेनेच छापलं. हा फरक किरकोळ नाही. कौलाचा आकडा निदान मोजता येतो. बंद खोलीत कोण काय बोललं ते मोजता येत नाही, ते फक्त ऐकणाऱ्यालाच ठाऊक असतं.

तरी मतपेटी अगदीच निरर्थक आहे असं समजू नये. केंद्रीय समितीच्या निवडणुकीत जागांपेक्षा थोडी जास्त नावं ठेवायची पद्धत १९८७ पासून आहे. त्याच वर्षी देंग लीचुन हे कट्टर डाव्या गटाचे वजनदार नेते समितीवर निवडून येऊ शकले नाहीत. पर्यायी सदस्यांची यादी मिळालेल्या मतांच्या क्रमाने छापतात. १९९७ मध्ये त्या यादीत १५१ नावं होती आणि सगळ्यात शेवटचं नाव शी जिनपिंग यांचं होतं. पूर्ण सदस्यांच्या यादीत असा क्रम सापडत नाही, कारण ती आडनावाच्या चिनी अक्षरातल्या रेघांच्या संख्येनुसार लावतात. त्या यादीत कोण वर आणि कोण खाली यावरून काढलेले अर्थ सोडून द्यावेत.

केंद्रीय समितीची पूर्ण बैठक वर्षातून किमान एकदा बोलवावी लागते. एका कार्यकाळात साधारण सात बैठका होतात आणि प्रत्येकीचा विषय ढोबळमानाने ठरलेला असतो. पहिलीत पक्षाची पदं भरतात, दुसरीत सरकारी पदांची नावं ठरतात, तिसरीत बहुधा अर्थव्यवस्था आणि सुधारणा, पाचवीत पंचवार्षिक योजना, सहावीत विचारसरणी किंवा पक्षाचा इतिहास, आणि सातवी पुढच्या अधिवेशनाच्या तोंडावर. तिसरीला एवढं महत्त्व आलं ते डिसेंबर १९७८ च्या तिसऱ्या बैठकीमुळे, जिथून आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. पण हा क्रम नियमात लिहिलेला नाही, ती फक्त रीत आहे, आणि रीत मोडली की तिथे थांबून पाहावं. २०२३ च्या शरद ऋतूत अपेक्षित असलेली तिसरी बैठक १५ ते १८ जुलै २०२४ पर्यंत लांबली. चौथीत, म्हणजे २० ते २३ ऑक्टोबर २०२५ मध्ये, पंधराव्या योजनेचा विषय घेतला गेला, जो रीतीप्रमाणे पाचवीचा होता.

बैठक चारेक दिवसांची, बहुधा पश्चिम बीजिंगमधल्या लष्कराच्या ताब्यातल्या जिंगशी हॉटेलात. सरचिटणीस अहवाल मांडतात, सदस्य गटागटाने चर्चा करतात, शेवटच्या दिवशी हात वर करून ठराव मंजूर होतो. पण मसुद्याचं काम त्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. २०२४ च्या ठरावासाठी मसुदा समिती नोव्हेंबर २०२३ मध्येच बसली होती. मसुदा मे महिन्यात प्रांत, खाती आणि निवृत्त नेत्यांकडे गेला, १,९११ सूचना आल्या आणि २२१ ठिकाणी बदल झाले. खातं विरुद्ध खातं, प्रांत विरुद्ध केंद्र ही खेचाखेच या महिन्यांत होते. बैठक सुरू होते तेव्हा शब्द जवळजवळ पक्के असतात. म्हणून ‘बैठकीत जोरदार मतभेद’ अशा छापाच्या बातम्यांवर मी विश्वास ठेवत नाही. मतभेद असतात, पण ते आधीच्या महिन्यांत होऊन गेलेले असतात.

आता कागद. बैठक संपते त्याच दिवशी निवेदन येतं. बीजिंगमध्ये संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा बडोद्यात दुपारचे साडेचार झालेले असतात, आणि त्यांच्या सरकारी वाहिनीच्या मुख्य बातम्यांत ते वाचलं जातं. पूर्ण ठराव नंतर येतो: २०२४ मध्ये २१ जुलैला, २०२५ मध्ये २८ ऑक्टोबरला. सोबत सरचिटणिसांचं स्पष्टीकरणही असतं आणि ते आधी वाचावं, कारण कुठल्या मुद्द्यावर भर आहे ते त्यात सरळ लिहिलेलं असतं. २०२४ च्या ठरावात १५ भाग, ६० कलमं आणि तीनशेहून अधिक उपाय होते, मुदत २०२९ पर्यंतची.

निवेदनावर थांबल्याने काय निसटतं याची दोन उदाहरणं पुरतील. १२ नोव्हेंबर २०१३ चं निवेदन वाचून अनेकांनी ‘विशेष काही नाही’ असं ठरवलं. बाजाराची भूमिका ‘मूलभूत’ न राहता ‘निर्णायक’ झाली, एवढा एक शब्द तेवढा लोकांनी पकडला. तीन दिवसांनी पूर्ण ठराव आला. त्यात पती-पत्नींपैकी एकजण एकुलतं अपत्य असेल तर दुसऱ्या मुलाला परवानगी होती, आणि न्यायालयाशिवाय माणसं श्रमछावणीत डांबण्याची पद्धत रद्द केली होती. दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. १८ आणि १९ जानेवारी २०१८ ची दुसरी बैठक राज्यघटना दुरुस्तीसाठी होती. निवेदनात राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन कार्यकाळांच्या मर्यादेचा उल्लेखही नव्हता. ती मर्यादा काढण्याचा प्रस्ताव २५ फेब्रुवारीला जाहीर झाला आणि ११ मार्चला लोकप्रतिनिधी सभेने, म्हणजे तिथल्या संसदेने, २,९५८ विरुद्ध २ मतांनी मंजूर केला. तिघे तटस्थ राहिले. त्या देशाच्या राजकारणातला पिढीभरातला सर्वांत मोठा बदल निवेदनात एका ओळीनेही नव्हता.

निवेदनात एक जागा मात्र पहिल्याच दिवशी नीट पाहायची: हजेरीचा आकडा. मुळात २०५ पूर्ण सदस्य. जुलै २०२४ मध्ये हजर १९९, ऑक्टोबर २०२५ मध्ये १६८. पर्यायी १७१ पैकी अनुक्रमे १६५ आणि १४७. मृत्यू आणि आजार हिशेबात धरूनही एवढी घट चौकशांशिवाय समजत नाही, आणि तिचा मोठा भाग लष्कराचा आहे. त्याच २०२५ च्या बैठकीत केंद्रीय लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष हे वेइदोंग (‘हे’ हे आडनाव) यांच्या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब झालं. रिकाम्या जागा पर्यायी सदस्यांतून मतांच्या क्रमाने भरतात. २०२४ मध्ये तिघे वर आले, २०२५ मध्ये अकरा. म्हणून २०२२ ची पर्यायी यादी जपून ठेवावी. क्रमातलं एखादं नाव ओलांडून पुढचं घेतलं असेल तर ओलांडलेल्या माणसाबद्दल निवेदन गप्प असलं तरी त्याचं काय झालं ते शोधायला लागावं. पदावरून काढल्याच्या शब्दांतही पायऱ्या असतात. २०२४ मध्ये माजी परराष्ट्रमंत्री छिन गांग यांचा ‘राजीनामा स्वीकारला’ आणि माजी संरक्षणमंत्री ली शांगफू यांच्या ‘हकालपट्टीला मान्यता दिली’. दोघेही गेले, पण पहिल्याचं पक्षसदस्यत्व टिकलं.

व्यापाऱ्यांच्या उपयोगाची बैठक खरं तर पूर्ण समितीची नसून पॉलिटब्युरोची असते. ती साधारण महिन्याला होते, आणि एप्रिल, जुलै, डिसेंबर या तीन वेळा अर्थव्यवस्थेचा आढावा घेतला जातो. निवेदन जेमतेम पान-दोन पानांचं. ते एकटं वाचून हाती काही लागत नाही. मागच्या वेळचं शेजारी ठेवून ओळीला ओळ लावायची आणि गळलेले शब्द शोधायचे. जुलै २०२३ मध्ये ‘घरं राहण्यासाठी असतात, सट्ट्यासाठी नाही’ हे वर्षानुवर्षं येणारं वाक्य गायब झालं, आणि पुढच्या काही आठवड्यांत घरकर्जाचे नियम सैल झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये एरवी अर्थव्यवस्थेचा विषय नसताना तो घेतला गेला आणि घरबाजाराची घसरण थांबवण्याची भाषा आली. विषय वेळापत्रकाबाहेर घेतला जाणं हेच घाईचं लक्षण होतं. डिसेंबर २०२४ मध्ये पतधोरण ‘सावध’ऐवजी ‘माफक सैल’ झालं.

स्थायी समितीचं कामकाज बहुतेक वेळा जाहीर होत नाही. जाहीर झालं तर ते मुद्दाम केलेलं असतं. १० नोव्हेंबर २०२२ ला ती कोविडवर बसली आणि दुसऱ्याच दिवशी निर्बंधांत वीस सवलती आल्या.

वयाच्या नियमाबद्दल थोडंसं. अधिवेशनाच्या वेळी वय ६७ असेल तर वरच्या पदावर राहायचं, ६८ झालं की जायचं, हा संकेत बरीच वर्षं पाळला गेला. २०२२ मध्ये स्थायी समितीतले ६७ वर्षांचे ली कछ्यांग आणि वांग यांग बाहेर पडले, ६९ वर्षांचे शी राहिले आणि त्याच वयाचे वांग यी पॉलिटब्युरोत आले. आता त्या संकेतावर भविष्य बांधू नये. मुळात नियम आणि सत्ता यांच्यातली फट तिथे जुनीच आहे. जानेवारी १९८७ मध्ये हू याओबांग यांना सरचिटणीसपदावरून काढलं ते पॉलिटब्युरोच्या विस्तारित बैठकीत, जिथे अधिकार नसलेले निवृत्त ज्येष्ठही बसले होते. घटनेनुसार ते काम केंद्रीय समितीचं. त्याच वर्षी महत्त्वाच्या बाबी त्या काळचे सर्वांत वजनदार नेते देंग झियाओपिंग यांना विचारायच्या असं गुपचूप ठरलं, जरी ते स्थायी समितीवर नव्हते. १६ मे १९८९ ला तेव्हाचे सरचिटणीस झाओ झियांग यांनी ही गोष्ट सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना सांगितली तेव्हा ती जगाला कळली.

बेइदाइहे या किनाऱ्यावरच्या नेत्यांच्या ऑगस्टमधल्या मुक्कामाबद्दल फार लिहिलं जातं. त्याचं निवेदन निघत नाही, म्हणून अफवांना जागा मिळते. तिथे सुट्टीवर आलेल्या तज्ज्ञांना भेटायला वरिष्ठ नेता गेल्याची बातमी आली की नेते पंधरा दिवस बातम्यांतून दिसेनासे होणार, एवढं समजावं.

मालाची मागणी नोंदवणाऱ्यांनी वर्ष असं लावून घ्यावं. डिसेंबरच्या पॉलिटब्युरो बैठकीनंतर लगेच केंद्रीय आर्थिक कार्य परिषद होते आणि पुढच्या वर्षाचं वाढीचं उद्दिष्ट तिथे ठरतं. आकडा मात्र मार्चमध्ये पंतप्रधान लोकप्रतिनिधी सभेपुढे वाचतात. मधल्या काळात प्रांत आपापल्या सभांमधून स्वतःची उद्दिष्टं जाहीर करतात. ज्या प्रांतातून आपला माल येतो, जियांग्सू असो वा शानदोंग, त्याचा आकडा बहुधा जानेवारीतच मिळतो.