तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तर वर्षांचं पिस्तूल कशाला?

इथे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे म्हणे पिस्तूल आहे?" हो म्हटलं की लगेच पुढचं, "आणि तेही जुनं? कुठल्याशा लष्करानं मोडीत काढलेलं? घ्यायचंच होतं तर नवं नाही का घ्यायचं?" पुण्याची मावशी फोनवर थेट मुद्द्याला हात घालते. "तिकडे एवढं भय आहे का रे?"

भय नाही. घर राखायला मी ते घेतलेलंच नाही, आणि त्या कामाला ते धडही नाही. मला यंत्रं उघडून बघायची खोड आहे, आणि दोनशे-सव्वादोनशे डॉलरमध्ये इतकं विचार करून बनवलेलं यंत्र मला दुसरं मिळालं नसतं. खरं उत्तर एवढंच. बाकीचं सांगतोय ते तुम्ही विचारलंत म्हणून.

माझं पिस्तूल रुमानियाचं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या कुजिर गावच्या कारखान्यात बनलेलं, अंगावर १९५३ साल कोरलेलं. मूळ आराखडा रशियाच्या फ्योदोर तोकारेव यांचा, १९३० चा, तीन वर्षांनी सुधारलेला. म्हणून त्याला टीटी-३३ म्हणतात. नळी खाली झुकवून स्लाइडपासून, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागापासून, सोडवायची युक्ती अमेरिकेच्या ब्राउनिंग या बंदुका घडवणाऱ्याची, काडतूस जर्मन माउझर पिस्तुलाच्या काडतुसावरून बेतलेलं. पण तोकारेव यांनी नुसती उचलेगिरी केली नाही. नळीवरचे खाचेत बसणारे कंगोरे त्यांनी नळीच्या सगळ्या घेराभोवती फिरवले. म्हणजे ते लेथवर सरळ कातता येतात, वेगळं मशीन लागत नाही. घोडा, म्हणजे मागची ठोकणारी हातोडी, आणि त्याच्या स्प्रिंगा मिळून एक अख्खा ठोकळा केला. स्लाइड काढली की तो बोटांनी वर उचलून हातात घेता येतो. गोळीला वाट दाखवणाऱ्या ओठांची एक जोडी मॅगझिनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीवर, असते तशी या ठोकळ्यातही कातलेली आहे, कारण मॅगझिनचा पत्रा शिपायाच्या हातून चेपणार हे गृहीत धरलेलं. कमी कौशल्याच्या कामगारानं बनवावं, कमी शिकलेल्या शिपायानं वापरावं, असा तो सगळा हिशेब. मला तो हिशेब वाचायला आवडतो.

एक खटका मात्र त्यांचा नाही. मूळ पिस्तुलाला सेफ्टीच, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणून असणारा अडसर, नव्हती. घोडा अर्धवट ओढून ठेवायचा, तीच काय ती सुरक्षा. अमेरिकेत आयात करायचं तर हातानं चालणारी सेफ्टी हवी, असा १९६८ च्या कायद्याखालचा नियम. म्हणून विकण्याआधी बाजूला एक खटका ठोकलेला असतो. दिसायला उपरा, आणि चालतोही तसाच. मी त्याच्यावर विसंबत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, गोळी भरायची ती फक्त नेमबाजीच्या रेंजवर, लक्ष्यासमोर उभं राहून. घर राखायला नालायक म्हटलं ते यासाठी.

विकत घेणं सोपं आहे का, हाही नेहमीचा प्रश्न. ओहायोत वेगळा परवाना लागत नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून चौकशी करून घेतो, उत्तर बहुधा काही मिनिटांत येतं. फॉर्ममध्ये गांजाचाही प्रश्न आहे, आणि राज्यात गांजा चालत असला तरी केंद्राच्या लेखी चालत नाही, असं तिथेच बजावलेलं आहे. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येतं. एच-वन व्हिसावाल्याला एरवी नाही.

दुकानात कोरलेल्या सालाकडे किंवा रंगाकडे बघून भुलू नका. आधी चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, मग नळी उतरवून उजेडासमोर धरायची परवानगी मागा. आतल्या आट्या, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पीळदार खाचा, ठसठशीत आणि चकचकीत दिसल्या तर उत्तम. आत गंजाचे खड्डे असतील तर बाहेरून कितीही देखणं असलं तरी ठेवून द्या. मी घेतलं तेव्हा सगळा जीव कॉस्मोलिन नावाच्या तपकिरी ग्रीसमध्ये बुडालेला होता. मिनरल स्पिरिट, जुना ब्रश आणि चिंध्या घेऊन गॅरेजमध्ये बसावं लागतं. मॅगझिनच्या तळाच्या भोकातूनसुद्धा ते ग्रीस दुसऱ्या दिवशी पाझरत होतं. स्लाइड परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग नवी टाकली. तिला फार पैसे पडत नाहीत.

पैसे पडतात ते गोळ्यांना. एके काळी पूर्व युरोपातले सीलबंद डबे इथे अगदी स्वस्त मिळत. ते आटले. आता नवी काडतुसं सर्बिया आणि चेक देशातून येतात आणि थोड्याच फैरींत पिस्तुलाची स्वस्ताई संपते. शिवाय जुन्या गोळ्यांचे दोन ताप आहेत. पुष्कळ गोळ्यांचं कवच वरून तांब्याचं, आतून पोलादाचं. बंदिस्त रेंजवरचा माणूस टेबलावर मॅगझिन ठेवायच्या आत गोळीला लोहचुंबक लावून बघतो, आणि चिकटली की नकारार्थी मान हलवतो. मग गावाबाहेरचा उघड्यावरचा क्लब गाठायचा.

दुसरा ताप माझ्या काकांनी समजावला. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. या कारखान्याची .३०३ रायफलची काडतुसं इथल्या हौशी लोकांकडेही सापडतात. बुडावर 'केएफ' असा ठसा असतो. काकांना म्हटलं, मी भरपूर तेल घालतो, तरी नळीवर तांबूस झाक येते. ते म्हणाले, "अरे, जुन्या प्रायमरमधे, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टिकलीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाला की नळीत मीठ बसतं. मीठ तेलानं जातं का कधी? आधी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल." तेव्हापासून रेंजवरून आलं की पहिली किटली नळीसाठी, दुसरी चहासाठी. बायकोची त्याबद्दलची मतं इथे देत नाही.

आणि उडवताना कसं वाटतं? आवाज मोठा, त्याहून मोठी ज्वाळा, आणि धक्का मात्र अपेक्षेपेक्षा कमी. हलकी गोळी, वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास. बाजूच्या लेनमधली माणसं वळून बघतात. मूठ अरुंद आणि सरळ उभी, त्यामुळे सहज हात उचलला तर नेम खाली जातो. मनगट जरा वर मोडावं लागतं. नेम धरायची पुढची माशी इतकी बारीक, की माझ्या चष्म्याच्या नंबरात ती आणि लक्ष्य एकदम स्पष्ट दिसत नाहीत. माशीवर नजर ठेवायची, लक्ष्य धूसर राहू द्यायचं, हे एनसीसीत पॉइंट टू-टू रायफलवर शिकवलेलं इथे कामी आलं. आठ गोळ्या संपल्या की स्लाइड मागे अडकून राहते. मग ती उघडीच ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवायचं आणि रेंज थंड झाल्याचा, म्हणजे सगळ्यांचा गोळीबार थांबल्याचा, पुकारा होईपर्यंत हात लावायचा नाही.

खंडेनवमीला पूजा करतोस का, असंही विचारतात. करतो. रिकामं, मॅगझिन बाजूला काढलेलं, शेजारी स्क्रूड्रायव्हरचा संच आणि लॅपटॉप. हळदकुंकू मात्र लाकडी पाटालाच, स्लाइडला नाही; ते निघता निघत नाही.

राहता राहिला माझा भाचा. तो इथे विद्यार्थी व्हिसावर शिकतो आणि दर सुट्टीत म्हणतो, "मामा, एकदाच उडवू दे ना." त्याला देता येत नाही. अशा व्हिसावर नुसतं रेंजवर हातात धरणंही कायद्यानं 'बाळगणं' ठरू शकतं. अपवाद आहे तो शिकारीचा वैध परवाना असेल तर. सशालाही घाबरणारा हा मुलगा सध्या शिकारी-सुरक्षेच्या कोर्सचं पुस्तक वाचतोय.