पत्र्यासारखं वाजणारं व्हायोलिन

पहिलं इलेक्ट्रिक व्हायोलिन घेणारे लोक माझ्याकडे बहुतेक वेळा खरेदी झाल्यावर येतात. मी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि सेटअप करते, त्यामुळे तक्रारी ऐकायची सवय आहे: आवाज चिरका येतो, खुंट्या सरकतात, बँडमध्ये काही ऐकूच येत नाही. ही मुलगी खरेदीच्या आधी आली याचा मला मनापासून आनंद झाला. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय शिकलेली, हात तयार, आणि आता रॉक बँडमध्ये उभं राहायचं होतं. सोबत तिचा बँड होता: ड्रमर, बासवाला, आणि आपला पेडलबोर्ड, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाच्या पेडलांचा पाट, घेऊन गिटारवाला.

तिने आधी विचारलं, "ताई, माझ्याच व्हायोलिनला पिकअप लावला तर?"

पिकअप म्हणजे तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा छोटा भाग. प्रश्न रास्त होता. अनेकांसाठी तेच उत्तर बरोबर असतं. तिच्यासाठी ते बरोबर आहे का, हे बोलून ठरणार नव्हतं. आमच्या वर्कशॉपला लागूनच तालमीची खोली आहे. तिच्या व्हायोलिनच्या ब्रिजला, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी घोडीला, चिमट्याचा पिकअप लावला, अ‍ॅम्पला जोडलं आणि ड्रमरला पूर्ण जोरात वाजवायला सांगितलं. ड्रम्सच्या वर यायला जेवढा आवाज लागत होता तेवढा वाढवला आणि डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारची ती जाड गुरगुर, सुरू केलं, तर बो तारेला लागण्याआधीच शिट्टी सुरू झाली. व्हायोलिनची पोकळ पेटी कंप पावण्यासाठीच बनवलेली असते. अ‍ॅम्पचा आवाज तिला हलवतो, पिकअप ते हलणं पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो, आणि चक्र सुटत नाही. डिस्टॉर्शन म्हणजे मुळात प्रचंड वाढवलेला सिग्नल, त्यामुळे ते चक्र आणखी लवकर पेट घेतं. शांत गाण्यांचा बँड असता तर मी तिला चांगला पिकअप लावून घरी पाठवलं असतं. तिला मात्र गिटारच्या बरोबरीने डिस्टॉर्शनमध्ये वाजवायचं होतं, म्हणजे भरीव अंगाचं वाद्य हवं, इतकं पक्कं झालं.

त्या दिवशी सेटअपला आलेली तीन वाद्यं माझ्या टेबलावर होती, आणि ती वाजवून बघायची परवानगी होती. पहिलं हेडफोन लावून सराव करण्यासाठी बनवलेलं, आतच रिव्हर्बची, म्हणजे आवाज घुमवण्याची, सोय असलेलं. दुसरं वळणदार चौकटीचं, फार देखणं. तिसरं साधं, काळसर, आत बॅटरी नाही की बटण नाही, फक्त ब्रिजखाली पीझो, म्हणजे दाबातून वीज निर्माण करणारा, पिकअप आणि केबलचा जॅक.

तिसऱ्याकडे बघून ती लगेच म्हणाली, "हे नको. दुकानात वाजवून बघितलंय. पत्र्यासारखं वाजतं."

कशाला जोडलं होतं, असं विचारल्यावर गिटारवाल्याने आपल्या पेडलबोर्डकडे बोट दाखवलं. पहिल्याच जागी जुन्या बनावटीचं वाह पेडल होतं, पायाने दाबत सुराला 'वाह-वाह' बोलायला लावणारं. ते बघून मला बरंच काही कळलं, पण मी लगेच बोलले नाही. कारण तिने कानाने ऐकावं अशी माझी इच्छा होती.

हेडफोनवर पहिलं वाद्य सहज जिंकलं. रिव्हर्बमुळे प्रत्येक सूर मोठ्या सभागृहात वाजल्यासारखा येत होता. मग तेच खोलीत, बँडबरोबर, डिस्टॉर्शन लावून. आता तो रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी येत होता, म्हणजे सुराची शेपटीसुद्धा सुराइतकीच मोठी होऊन त्याच्यावर चढत होती. रिव्हर्ब बंद केल्यावर चिखल गेला, पण आतल्या सर्किटची खरखर वर आली. हेडफोनवर ती जाणवलीही नव्हती. रात्री कोणाची झोप न मोडता सराव करायला हे उत्तम वाद्य आहे, आणि ते त्यासाठीच बनलं आहे.

देखण्या वाद्याचं वजन तिच्या नेहमीच्या व्हायोलिनपेक्षा जाणवण्याइतकं जास्त होतं, आणि तिचा शोल्डर रेस्ट त्या चौकटीवर नीट बसेना. दोनच गाण्यांत तिने मान वळवायला सुरुवात केली. मी ते वाद्य काढून घेतलं. आवाज पेडलने बदलता येतो, मान बदलता येत नाही.

मग काळं. वाहमधून जोडल्यावर खरंच पत्रा वाजत होता. खालच्या जी तारेचा नुसता खरवडण्याचा आवाज येत होता.

पीझो पिकअप हा विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर असतो. पुढच्या उपकरणाची इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, आणि पिकअपची धारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, मिळून एक चाळणी तयार होते, आणि ती खालचे सूर अडवते. पिकअपची धारिता १ नॅनोफॅरड धरली आणि पुढे १०० किलो-ओहम असतील, तर ही चाळणी साधारण १६०० हर्ट्झच्या खालचं सगळं दाबत जाते. व्हायोलिनची जी तार १९६ हर्ट्झची, ए तार ४४० ची, आणि सर्वांत वरची मोकळी ई तारसुद्धा ६५९ ची. म्हणजे चारही तारांचे मूळ सूर अडकले आणि वरचा चिरका भाग तेवढा पुढे गेला. जुन्या पद्धतीच्या वाह पेडलांची इनपुट इम्पिडन्स साधारण एवढीच असते. गिटारच्या चुंबकी पिकअपला त्यांचा इतका त्रास होत नाही, म्हणून गिटारवाल्याला कधी शंका आली नव्हती. इथे त्याचा काही दोष नव्हता.

मी वाहच्या आधी १० मेगा-ओहम इनपुटचा, पिकअपचा नाजूक सिग्नल सांभाळून पुढे देणारा एक प्रीअ‍ॅम्प जोडला. त्याच हिशेबाने चाळणी १६ हर्ट्झवर गेली, म्हणजे व्हायोलिनपुरती नाहीशीच झाली. चिरकेपणा उरला होता तेवढा इक्वलायझरवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा उतरवला. तिने मोकळी जी तार ओढली आणि बो मध्येच थांबवून माझ्याकडे बघितलं. ड्रमर म्हणाला, "हेच व्हायोलिन?" हेच. तार, ब्रिज, बो, काहीच बदललं नव्हतं.

यानंतर मी तिला एकच गोष्ट करायला सांगितली: जी आणि डी या दोन मोकळ्या तारा एकत्र, डिस्टॉर्शन पूर्ण. कोणतंही इलेक्ट्रिक व्हायोलिन रॉकसाठी घेताना मी ही परीक्षा घेतेच. या दोन तारांत सा-प चं नातं आहे, कंपनांचं प्रमाण २ ला ३. डिस्टॉर्शन दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार करतं. २९४ मधून १९६ गेले की ९८ उरतात, आणि तो बरोबर खालच्या सप्तकातला जी. वाद्यावर नसलेला खर्ज अ‍ॅम्पमधून येतो! पंचम शुद्ध असेल तरच तो स्थिर राहतो. जरा हलला की गुरगुर डळमळते. गिटारवाल्याचं बोट पडद्यांमुळे जागेवर पडतं, इथे मात्र तारा जुळवताना आणि बोट ठेवताना सगळी भिस्त कानावर. तिचा कान शास्त्रीय शिक्षणाने तयार झालेला, त्यामुळे तिने तार किंचित फिरवून क्षणात तो पंचम जुळवला, आणि बासवाला हसत हसत तिच्याखाली शिरला. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडमध्ये १९७१ पासून जेरी गुडमन आणि १९७४ मध्ये ज्याँ-ल्यूक पाँती हे व्हायोलिनवादक गिटारच्या शेजारी उभे राहून वाजवत होते. त्या ध्वनिमुद्रणांतल्या जोराचं मला अजूनही अप्रूप वाटतं, आणि त्या खोलीत त्याची झुळूक आली असं मी अगदी मनापासून म्हणेन.

मग पाचव्या तारेचा विषय निघाला. खालची सी तार १३१ हर्ट्झपर्यंत नेते आणि रॉकमध्ये तिचा फार उपयोग होतो. पण गळा थोडा रुंद होतो, ब्रिजवर तारांमधलं अंतर कमी होतं, आणि बोचा कोन नव्याने बसवावा लागतो. मंचावर नवीन, डिस्टॉर्शन नवीन, त्यात तारसुद्धा नवीन, हे मला एकदम नको वाटलं. खालच्या सप्तकासाठी ऑक्टेव्ह पेडल आहेच. ती चार तारांवर थांबली.

तिचं बजेट मी ऐकलं तेव्हा ते सगळं वाद्यावर जाणार होतं. काळं वाद्य तिच्या यादीत सर्वांत स्वस्त होतं, आणि उरलेले पैसे प्रीअ‍ॅम्प व बऱ्या अ‍ॅम्पसाठी मोकळे झाले. माझ्या मते पहिल्या खरेदीत हीच वाटणी योग्य. महागडं वाद्य चुकीच्या इनपुटला जोडलं तर तेही पत्राच होणार.

संध्याकाळी मी त्या वाद्याचा ब्रिज थोडा उतरवला, नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा टेकणाऱ्या पट्टीच्या, खाचा साफ केल्या, ए तारेची सरकणारी खुंटी बसवली आणि तिच्या शोल्डर रेस्टचे पाय वाद्याच्या पाठीवर घट्ट धरतात ना ते पाहिलं. गिटारवाल्याने पेडलबोर्डचा क्रम कागदावर लिहून घेतला: आधी प्रीअ‍ॅम्प, मग वाह, डिस्टॉर्शन, आणि सुराचे प्रतिध्वनी देणारं डिले शेवटी. ऑक्टेव्ह पेडल डिस्टॉर्शनच्या आधी लावायचं की नंतर, यावर ती आणि गिटारवाला निघतानाही वाद घालत होते. मी आधी लावा म्हणाले, कारण त्या पेडलला सूर ओळखायला स्वच्छ सिग्नल लागतो.