गच्ची-हवामान अपडेट ४: दिसायला सेम, पण प्रॉपर्टी वेगळी

नवतपा सुरू आहे, दुपारी गच्चीवर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून सेन्सर तसेच सोडून कूलरपुढे बसून कोड साफ करून राहिलो. मागे सांगितलं होतं ना, सेन्सरचे आकडे एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये जातात आणि त्यातली एक ओळ म्हणजे माझ्या पीएचपी कोडमध्ये ‘नोंद’ क्लासचा एक ऑब्जेक्ट. त्यावर नसलेली प्रॉपर्टी (नाव दिलेली व्हॅल्यू) मागितली की पीएचपी आपोआप __गेट हे फंक्शन चालवतो, तो ॲरेतून व्हॅल्यू काढून देतो, नसली तर नल, म्हणजे काहीच नाही. हौस म्हणून प्रॉपर्ट्यांची नावंही मराठीत ठेवली, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची_दिशा. पीएचपीला चालतं ते, ॲस्कीबाहेरचे, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचे बाइट तो नावात गुमान घेतो.

आणि तिथंच गोची झाली. ग्राफमध्ये वाऱ्याची दिशा पूर्ण रिकामी. डेटाबेसमध्ये व्हॅल्यू आहे, एरर नाही, वॉर्निंग नाही. दोन रात्री गेल्या, सेन्सरची वायरही बदलून पाहिली (ती बिचारी ठीकच होती).

शेवटी डॉकब्लॉक, म्हणजे कोडच्या वर माहिती देणारी कमेंट, लिहायला घेतला, जो पहिल्याच दिवशी लिहायला पाहिजे होता. एका मॅजिक प्रॉपर्टीला (जी क्लासमध्ये लिहिलेली नसते, __गेटमधून मिळते) एक ओळ, @प्रॉपर्टी-रीड, मग टाइप, मग डॉलर लावून नाव. हे सगळं क्लासच्या डोक्यावर लिहायचं, __गेटच्या डोक्यावर नाही, मी आधी तिथंच लिहून बसलो होतो आणि एडिटर काही सुचवेना. नुसतं प्रॉपर्टी सोडून रीड काहून, तर व्हॅल्यू टाकताना चालणारा __सेट मी लिहिलेलाच नाही, चुकून कुठं व्हॅल्यू टाकली की पीएचपी नवी डायनॅमिक प्रॉपर्टी बनवून मोकळा होतो आणि मग तिच्यासाठी __गेट चालतच नाही. पीएचपी ८.२ पासून निदान डेप्रिकेटेड (हे आता वापरू नका) म्हणून ओरडतो तरी. अर्थात पीएचपीसाठी डॉकब्लॉक म्हणजे निव्वळ कमेंट, वाचणारे एडिटर आणि पीएचपीस्टॅन, म्हणजे कोड न चालवता चुका शोधणारं टूल.

तर पीएचपीस्टॅन चालवला, लेव्हल २ वर (लेव्हल जितकी वर तितकी तपासणी कडक), कारण त्याखाली क्लासबाहेरून मागितलेल्या अनोळखी प्रॉपर्ट्या तो सोडून देतो. तर म्हणे ‘नोंद’मध्ये वार्‍याची_दिशा नावाची प्रॉपर्टीच नाही. अबे, वरच तर लिहिली आहे! दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली, काडीचा फरक नाही. बिनटूहेक्समधून काढली (हे फंक्शन मजकुराचे बाइट आकड्यांत दाखवतं) तेव्हा समजलं, डॉकब्लॉकमध्ये आणि कॉलमच्या नावात ‘ऱ’ हे एकच अक्षर, ई०ए४बी१, आणि ग्राफच्या फाइलमध्ये साधा र, हलंत आणि त्यामागे ई२८०८डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं पण स्वतः न दिसणारं चिन्ह. ग्राफची फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर टाइप केली होती, तिथला कीबोर्ड असाच ऱ्या काढतो. डोळ्याला एक, पीएचपीला दोन.

नाव बदलून सरळ ‘दिशा’ केलं. आणि __गेटमधून नल देणं बंद, अनोळखी नाव आलं की एक्सेप्शन, म्हणजे सरळ एरर. पीएचपी ८.४ मध्ये प्रॉपर्टी हुक्स (प्रॉपर्टी वाचताना-लिहिताना चालणारा कोड तिथंच लिहायची सोय) आलेत, ते वापरले तर ही जादू लागणारही नाही कदाचित, पण माझ्या होस्टिंगवर अजून ८.२ च आहे.

उद्या __इसेट, म्हणजे प्रॉपर्टी आहे की नाही ते सांगणारं फंक्शन, लिहायचा आहे. तो नसल्यामुळे तापमानावर एम्प्टी (व्हॅल्यू रिकामी आहे का ते तपासणारं) लावलं की ४५ डिग्रीलाही रिकामंच सांगून राहिला.