तिसऱ्या विभागातले धक्के : नोंदवही कुठवर आली

मंडळी, वहीत बरीच भर पडली आहे आणि तिची मांडणीही बदलली आहे, म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो. नव्याने सामील झालेल्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेत एनसीएए ही कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना, तिच्या तिसऱ्या विभागात छोटी कॉलेजं खेळतात. तिथल्या पुरुष सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) स्पर्धेतले धक्कादायक निकाल मी गोळा करतो. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं शिकायला येतात आणि शिकता शिकता खेळतात. राष्ट्रीय स्पर्धा १९७४पासून चालू आहे. मध्ये फक्त २०२० हे वर्ष कोविडमुळे रिकामं गेलं. सध्या ६४ संघ बाद फेरीत उतरतात आणि विजेत्याला सलग सहा सामने काढावे लागतात.

आतापर्यंत वहीचा नियम सरळ होता: मानांकनात खालच्या संघाने वरच्याला हरवलं की नोंद करायची. पण वही वाढली तशी त्यात गर्दी झाली. दर नोव्हेंबरमध्ये पहिल्याच शनिवार-रविवारी इतक्या नोंदी होऊ लागल्या की कशाला धक्का म्हणावं आणि कशाला नाही, तेच कळेना. म्हणून आकडेमोडीला बसलो.

समजा, एक संघ चांगलाच वरचढ आहे. त्याचे सामन्याला सरासरी १.८ गोल धरू, प्रतिस्पर्ध्याचे ०.६. म्हणजे तिप्पट फरक झाला. पॉयसाँ वितरणाने (सरासरीवरून किती गोल होतील याची शक्यता काढायचं सूत्र) हिशेब मांडला तर ९० मिनिटांत वरचढ संघ साधारण ६६ टक्के वेळा जिंकतो, २२ टक्के वेळा बरोबरी होते आणि १२ टक्के वेळा तो चक्क हरतो. बरोबरीचे सामने टायब्रेकरवर (पेनल्टी शूटआउटवर) निम्मे-निम्मे वाटले, तर पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता ७७ टक्के होते. (जादा वेळ धरला तर पारडं आणखी किंचित झुकेल, तो मी सोडून दिला आहे.) आता हेच सहा वेळा लागोपाठ करायचं. ७७ टक्क्यांचा सहावा घात २१ टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्येक फेरीत समोरच्याच्या तिप्पट ताकदीचा असलेला संघसुद्धा पाच वर्षांतून जेमतेम एकदाच चषक उचलेल!

हा आकडा कागदावर आल्यापासून माझी या खेळाकडे बघण्याची नजरच पालटली. इथे धक्का हा अपवाद नाही, तो नेहमीचाच पाहुणा आहे. तेव्हा खरं नवल वाटायला हवं ते धक्का न बसण्याचं.

आणि मग मसाया समोर येतं. पेन्सिल्व्हेनियातलं ग्रँथॅम गाव, तिथलं हे छोटं ख्रिस्ती कॉलेज, २०२०पासून विद्यापीठ. त्यांनी २००० ते २०१७ या काळात ११ विजेतेपदं मिळवली. त्यातही २००४, २००५, २००६, २००८, २००९, २०१० ही रांग बघा: सात वर्षांत सहा. त्या काळी संघ थोडे कमी असत आणि काहींना पहिली फेरी माफ असे, तरीही वरच्या २१ टक्क्यांशेजारी ही रांग ठेवली की थक्क व्हायला होतं. मधेच प्रशिक्षकही बदलला. डेव्ह ब्रँट २००८नंतर गेले, ब्रॅड मॅकार्टी आले, आणि त्यांनी पहिल्या दोन्ही वर्षांत चषक आणला. माझ्या वहीत आता मसायाची ही सात वर्षं पहिल्या पानावर आहेत. धक्क्यांच्या वहीत सतत जिंकणारा संघ पहिला कशाला, असं एका मित्राने विचारलं. त्याला वरचा हिशेब पाठवला.

या रांगेत २००७चं एकच भोक आहे. त्या वर्षी व्हरमाँटचं मिडलबरी विजेतं ठरलं, तेही टेक्सासच्या ट्रिनिटीला अंतिम सामन्यात टायब्रेकरवर हरवून. पुढच्याच वर्षी मसायाने चषक परत मिळवला तो स्टीव्हन्सविरुद्ध, आणि तोही टायब्रेकरवरच. म्हणजे भोक पडलं तेही टायब्रेकरनं आणि बुजलं तेही टायब्रेकरनं. दोन्ही वर्षांत एकेक पेनल्टी इकडची तिकडे झाली असती तर इतिहास काही वेगळाच दिसला असता.

मग मी मागे गेलो आणि अशीच आणखी एक रांग सापडली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची ग्रीन्सबरो शाखा, जी पुढे पहिल्या विभागात गेली, तिने १९८२, १९८३, १९८५, १९८६ आणि १९८७ अशी पाच विजेतेपदं मिळवली. १९८७च्या अंतिम सामन्यात तर वॉशिंग्टन विद्यापीठाला, सेंट लुईसवाल्यांना, ६-१ असं लोळवलं. इथेही एकच भोक, १९८४चं. ते पाडलं इलिनॉयच्या व्हीटनने, ब्रँडाइसला अंतिम सामन्यात २-१ हरवून. तिसऱ्या विभागातली दोन सर्वांत मोठी राज्यं, आणि दोन्हींच्या मधोमध एकेक वर्ष दुसऱ्याच कुणाचं. या भोकांसाठी आता वहीत स्वतंत्र विभाग केला आहे. एखाद्या संघाची सद्दी ज्या वर्षी मोडते त्या वर्षाची तपशीलवार नोंद तिथे होईल: कोणी हरवलं, कितव्या फेरीत, कुणाच्या मैदानावर, ९० मिनिटांत की नंतर.

उलट बाजूचं उदाहरण हवं असेल तर ओहायो वेस्लीअनचे प्रशिक्षक जे मार्टिन. १९७७ साली ते तिथे रुजू झाले आणि पुरुषांच्या कॉलेज सॉकरमध्ये कुठल्याही विभागात कुणाचे नसतील इतके, ७००हून जास्त, विजय त्यांच्या नावावर आहेत. एवढ्या कारकिर्दीत राष्ट्रीय विजेतेपदं किती? दोन. १९९८ आणि २०११. यात मार्टिन यांचं काही उणं आहे असं मला मुळीच वाटत नाही. बाद फेरी अशीच वागते.

कॅल्विनचं मात्र वाईट वाटतं. मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समधलं हे कॉलेज २००९, २०११, २०१६ आणि २०१८ असं चार वेळा अंतिम फेरीत पोचलं आणि चारही वेळा हरलं. मसायाकडून, ओहायो वेस्लीअनकडून आणि दोनदा टफ्ट्सकडून. २०१६चा सामना तर दुसऱ्या जादा वेळेपर्यंत गेला आणि १-० असा सुटला. तेव्हा गोल्डन गोल होता. गोल पडला की सामना तिथेच संपला, उत्तर द्यायला एक मिनिटही नाही. २०२२पासून कॉलेज सॉकरमध्ये गोल्डन गोल बंद झाला. आता साखळीत ९० मिनिटांनंतर बरोबरी म्हणजे बरोबरी, आणि बाद फेरीत दहा-दहा मिनिटांची दोन जादा सत्रं पूर्ण खेळतात, मग टायब्रेकर. माझ्या मते हा बदल दुबळ्या संघाच्या थोडा विरोधात जातो, कारण एका प्रतिहल्ल्यावर सामना खिशात घालण्याची वाट बंद झाली. पण खेळ म्हणून जास्त न्याय्य झाला, यात शंका नाही.

आता माझा सर्वांत लाडका निकाल. ४ डिसेंबर २०२१, ग्रीन्सबरो, अंतिम सामना: कनेटिकट कॉलेज विरुद्ध ॲमहर्स्ट. दोन्ही संघ न्यू इंग्लंडच्या एकाच गटातले, नेस्कॅकचे. अकरा कॉलेजांचा हा गट, दर हंगामात एकमेकांशी खेळणारा, एकमेकांच्या चाली कोळून प्यालेला. ॲमहर्स्टकडे २०१५चं विजेतेपद आणि २०१९चं उपविजेतेपद. समोरचं कॉलेज १९११ साली फक्त मुलींसाठी निघालेलं, मुलांना प्रवेश मिळाला तो १९६९मध्ये. तोवर तिथे पुरुषांचा संघ असण्याचा प्रश्नच नव्हता. अशा कॉलेजाने ॲमहर्स्टला बरोबरीत रोखलं आणि टायब्रेकरवर चषक नेला. कॉलेजच्या इतिहासातलं कुठल्याही खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. प्रशिक्षक रूबेन बर्क.

ही नोंद करताना एक गंमत लक्षात येते. एनसीएएच्या हिशेबात टायब्रेकरवर सुटलेला सामना अधिकृतपणे बरोबरीच धरला जातो. टायब्रेकरने फक्त पुढे कोण जाणार, चषक कुणाचा, एवढंच ठरतं. म्हणजे त्या दिवशी ॲमहर्स्टचा चषक हुकला, पण हंगामाच्या नोंदीत पराभव लागला नाही. म्हणून मी वहीत दोन रकाने वेगळे केले आहेत. एक ‘निकाल’, दुसरा ‘पुढे कोण’. ही नोंद अशी दिसते: निकाल, बरोबरी; पुढे कोण, कनेटिकट; प्रकार, टायब्रेकर; ओळख, एकाच गटातले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेल्या माझ्यासारख्याला टायब्रेकरला बरोबरी म्हणणं जड जातं, पण हिशेबासाठी तेच योग्य आहे. टायब्रेकरच्या विजयाला पूर्ण विजय धरलं तर संघांची ताकद चुकीची निघते.

ॲमहर्स्टची गोष्ट पुढेही चालू राहिली. २०२३ला पुन्हा अंतिम फेरी, आणि या वेळी मिनेसोटाच्या सेंट ओलाफने २-१ हरवलं. मिनेसोटातल्या त्यांच्या गटातल्या कुठल्याही कॉलेजाने त्याआधी पुरुष सॉकरचा चषक जिंकला नव्हता. जस्टिन सर्पोनी यांच्या ॲमहर्स्टने पाच वर्षांच्या आत अंतिम फेरीतले तीन पराभव पचवले (हो, २०२१ धरूनच म्हणतोय) आणि २०२४ला चषक मिळवला. मला या संघाबद्दल मनापासून आदर आहे.

मधलं २०२२चं वर्ष शिकागो विद्यापीठाचं. २२ विजय, एक बरोबरी, पराभव नाही, अंतिम सामन्यात विल्यम्सवर २-०. प्रशिक्षक ज्युलिअ‍ॅन सिच यांचा तो या संघाबरोबरचा पहिलाच हंगाम, आणि पुरुष सॉकर संघाला एनसीएए विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्या पहिल्या महिला प्रशिक्षक. निकाल म्हणून हा धक्का नव्हे, संघ वर्षभर अजिंक्यच होता. वहीत ठेवला आहे तो मसायासारखाच, सहा फेऱ्यांत कुठेही न घसरल्याबद्दल.

आकाराचा रकानाही नवा आहे. तो हार्टविकमुळे सुचला. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिऑन्टा गावचं हे कॉलेज, विद्यार्थी दोन हजारांहून कमी, पण पुरुष सॉकरपुरतं तेव्हा पहिल्या विभागात खेळायचं. १९७७च्या अंतिम सामन्यात समोर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ होतं, १९७५ आणि १९७६चं विजेतं. सामना बर्कलीला, म्हणजे खाडीपलीकडे, जवळजवळ त्यांच्याच अंगणात. हार्टविकने तो २-१ जिंकला. आकार बघितला तर याहून मोठा धक्का सापडणं कठीण. पण फुटबॉल बघितला तर? १९७६मध्येही हार्टविक अंतिम चारांत होतं, जिम लेनॉक्स यांचा संघ मुरलेला होता. म्हणून मी आकाराच्या रकान्यात या निकालाला सर्वोच्च गुण दिले आणि ताकदीच्या रकान्यात मध्यम. वर्तमानपत्रं बहुधा पहिलाच रकाना बघतात.

सध्या काम चालू आहे ते सामन्यांच्या आकडेपत्रकांवर. पत्रकात फटके, गोलच्या दिशेने फटके, कॉर्नर, गोलकीपरने अडवलेले चेंडू, फाउल, सगळं सत्रवार मिळतं. धक्क्याचा सामना वाचायचा तर मी आधी कॉर्नर बघतो. वरचढ संघाचे कॉर्नर दुसऱ्या सत्रात एकदम वाढलेले आणि गोलफलक १-० असा दुबळ्याच्या बाजूने अडकलेला दिसला की चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं: गोल लवकर मिळाला, मग दहाजण आपल्या अर्ध्यात, आणि घड्याळाकडे नजर. कॉलेज सॉकरमध्ये घड्याळ उलटं चालतं, शून्याकडे. शेवटचे दहा सेकंद ध्वनिक्षेपकावर मोजतात. पंच किती मिनिटं वाढवणार याची धास्ती नाही. बचाव करणाऱ्याला नेमकं माहीत असतं अजून किती तग धरायचा.

बदली खेळाडूंचा नियम मात्र मोठ्या ताफ्याच्या बाजूचा. पहिल्या सत्रात बाहेर गेलेला खेळाडू त्या सत्रात परत येत नाही, दुसऱ्या सत्रात एकदा परत येऊ शकतो, आणि एकूण बदलांवर आपल्या ओळखीची मर्यादा नाही. ज्याच्या बाकावर दमदार पोरं जास्त, त्याची चंगळ. त्यात पहिल्या शनिवार-रविवारी चार संघ एकाच मैदानावर जमतात आणि लागोपाठ दोन दिवसांत दोन फेऱ्या उरकतात. माझा कयास असा की पहिल्या दिवशी धक्का देणारा संघ दुसऱ्या दिवशी पायांनी मार खातो. पहिल्या दिवशी टायब्रेकरपर्यंत गेलेले संघ दुसऱ्या दिवशी काय करतात, हे आता वर्षवार उतरवतो आहे. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी एकेक वर्ष घ्या, २०१०नंतरची पत्रकं सहज सापडतात.

निवडीची पद्धतही २०२४च्या हंगामापासून बदलली. विभागवार मानांकनांऐवजी एनपीआय नावाचा सूत्रबद्ध निर्देशांक आला. विजय, प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि मोठ्या संघांवरच्या विजयाचे जादा गुण त्यात येतात. माझ्या वहीसाठी ही सोय झाली, कारण स्पर्धेआधीचा प्रत्येक संघाचा आकडा आयता मिळतो. पण जुन्या नोंदींशी त्याची सरळ तुलना होणार नाही, म्हणून २०२४च्या आधी मॅसीचं मानांकन (निकालांवरून काढलेलं संगणकी मानांकन) आणि नंतर एनपीआय, असे दोन्ही लिहितो आहे आणि मधे जाड रेघ मारली आहे.

येत्या नोव्हेंबरात पहिल्या फेरीचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला लागतील. तोवर २००७च्या मिडलबरीचा प्रवास फेरीनिहाय पूर्ण करायचा आहे, त्यानंतर १९८४चा व्हीटन. व्हीटनसाठी जुनी स्थानिक वर्तमानपत्रं चाळावी लागतील. कुणाकडे इलिनॉयच्या वाचनालयांच्या डिजिटल संग्रहाची वाट असेल तर जरूर कळवा.